नवा पंप टाकला तरी तीच बोंब: ई२० च्या दिवसांत फ्युएल पंपाची वायरिंग आधी का बघायची

गाडी सपाटीला झकास पळते. वंटमुरीच्या घाटात तिसऱ्या गिअरला दाबली की झटके देते, पिकअप घेत नाही. उन्हाच्या वेळी हत्तरगीच्या टोलनाक्यावर रांगेत अडकली की बंदच पडते आणि अर्ध्या तासानं, जणू काही झालंच नव्हतं अशी, एका सेल्फमध्ये सुरू होते. स्कॅनर लावला तर पी०१७१ हा कोड, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय. गॅरेजवाला टाकीतला, इंजिनाकडं पेट्रोल ढकलणारा फ्युएल पंप बदलतो, काही महिने बरे जातात, आणि मग पुन्हा तेच रडगाणं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, शिवाय पलीकडून चंदगडच्याही गाड्या ही तक्रार घेऊन येतात, आणि मालकाचं निदान येण्याआधीच झालेलं असतं: “इथेनॉलनं खाल्ला ओ पंप.” इथेनॉल म्हणजे ई२० मधलं, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधलं. यात गंमत अशी की ज्याच्या उसाची मळी अथणीला नाहीतर मुनोळीला डिस्टिलरीत गेली, तोच टाकीतल्या इथेनॉलला शिव्या घालत असतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण माझ्या मते निम्म्याहून जास्त गाड्यांत खरा आजार वायरीत, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये) आणि अर्थिंगमध्ये असतो. पंप बिचारा त्याची किंमत मोजतो. म्हणून पंप मागवण्याआधी एक मल्टिमीटर हातात घ्या.

इथेनॉल नेमकं काय करतं

६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत ई२० ची सुरुवात झाली. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे पाइप, सील, पंप हे ई२० ला टिकतील अशा मटेरियलचे असतात. त्याआधीच्या गाड्यांचं तसं सरसकट सांगता येत नाही. इथेनॉल चांगलं सॉल्व्हंट आहे. दहा-बारा वर्षं टाकीच्या तळाशी बसलेला राळेसारखा थर ते सुटा करतं आणि तो जाऊन पंपाच्या तोंडाच्या जाळीत अडकतो. जुन्या रबराला फुगवतं किंवा चिरा पाडतं. हवेतलं पाणी ओढून घेतं. शिवाय पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, इथेनॉलमधून थोडी वाहते, त्यामुळे टाकीत बुडालेली उघडी तांब्याची पिन हळूहळू खाल्ली जाते. तांब्याचा कम्युटेटर असलेल्या जुन्या पद्धतीच्या पंपाचं आयुष्य त्यानं कमी होतं. इथेनॉलसाठी बनवलेल्या पंपात कम्युटेटर कार्बनचा असतो.

आता इंधन किती जास्त लागतं ते बघा. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. ई२० चा हिशेब मांडला तर शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ऐंशी पीएसची हॅचबॅक पूर्ण दाबून पळवली तरी तासाला पंचवीस लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. त्यात सात टक्के मिळवा, सत्तावीस झालं. धडधाकट मूळ पंप याच्या दुप्पट तरी सहज देतो. थोडक्यात, ई२० साठी मोठा पंप बसवायची गरज नसते. कोणी “ई२० आलंय, आता हेवी पंप टाकूया” म्हणत असेल तर तो पंप विकतोय, आजार काढत नाहीये.

आधी स्कॅनर, मग मल्टिमीटर, पंप सगळ्यात शेवटी

स्कॅनरवर कोड बघून थांबू नका, लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि चालत्या गाडीत, दोन्हीकडं प्लस पाच ते सात असेल, तर इथेनॉलमुळं पडलेली तूट भरून काढायला ईसीयूनं इंधन वाढवलंय. त्यात बिघाड काही नाही. आयडलला शून्याच्या जवळ आणि लोडवर प्लस पंधरा-वीस जात असेल, तर इंधन पोचत नाहीये. उलट आयडलला जास्त आणि लोडवर कमी असेल तर कुठंतरी हवा चोरली जातेय. व्हॅक्यूम पाइप तपासा, पंपाचा त्यात काही संबंध नाही.

इंधन पोचत नाही असं ठरलं की पंपापाशी व्होल्ट मोजायचे. इथंच बहुतेक ठिकाणी घोळ होतो. पंपाचा कपलर काढून, चावी ऑन करून मोजतात. मीटर बारा-साडेबारा दाखवतो आणि “करंट बरोबर आहे” म्हणून मोकळे होतात. लोड नसताना वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवणारच. कपलर जागेवर हवा, इंजिन चालू हवं, हेडलाइट आणि ब्लोअर लावलेले हवेत. मग कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन घालून मोजा. गाडी थंड असताना एकदा, आणि वीस-पंचवीस मिनिटं तापल्यावर पुन्हा एकदा.

मोजायची पद्धत अशी. मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा पंपाच्या प्लस पिनवर. जे दिसेल तो वाटेत हरवलेला व्होल्ट. अर्धा व्होल्टपर्यंत चालवून घेऊ. मग काळा बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पंपाच्या अर्थ पिनवर, इथं ०.२ च्या वर गेला की अर्थिंग खराब. बॅटरी लांब असल्यामुळे प्रोबला एक लांब वायर जोडून घ्यावी लागते, तेवढा कंटाळा करू नका.

खानापूरच्या एका जुन्या हॅचबॅकचे आकडे सांगतो. बॅटरीवर १३.९, पंपावर ११.८. म्हणजे २.१ व्होल्ट वाटेत गायब. त्यातले १.२ प्लसकडं आणि ०.९ अर्थकडं. मागची सीट उचलली तर अर्थचा बोल्ट वरून ठीकठाक, काढल्यावर खाली तांबूस गंजाची पापडी, आणि टर्मिनल आणि पत्रा यांच्यामध्ये कंपनीच्या रंगाचा अख्खा थर. कपलरच्या प्लस पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं, पिन सैल, आतून हिरवट पूड. पुढं वायर चाचपत गेलो तर डॅशबोर्डखाली कोणीतरी, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून, पंपाची वायर तोडून लपवलेला स्विच बसवलेला, जोड हातानं पिळलेले आणि वर काळी टेप. मालक म्हणाला, “तो स्विच हाय व्हय अजून? मी विसरलोच होतो.”

त्या कपलरमधल्या सैल पिनेचं गणित करा. पाव ओहमपेक्षाही कमी, ०.२ ओहम धरू. पंप ५ ॲम्पिअर ओढतो, म्हणजे तिथं एक व्होल्ट पडला आणि ५ वॅट उष्णता त्या तांदळाएवढ्या पिनेवर, गाडी चालू असेपर्यंत सतत. प्लास्टिक वितळणार नाही तर काय. तापलं की पिन आणखी सैल, सैल झाली की आणखी ताप. नवा पंप टाकताना जुनाच कपलर त्याच्यावर दाबून बसवला की पहिल्या दिवसापासून पुढच्या बिघाडाची तयारी झाली. तेव्हा गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद हे कोडं बऱ्याचदा इथंच सुटतं.

चोरीचा स्विच, जीपीएसवाल्यानं मध्ये घातलेला कट-ऑफ रिले (विजेवर चालणारा स्विच), सीएनजी किटची जोडणी, सीटकव्हर बसवताना स्क्रूनं दाबलेली वायर आणि गोठ्याशेजारी लावलेल्या गाडीत उंदरानं कुरतडलेलं हार्नेस: ही माझी नेहमीची यादी. पंपाच्या वायरीवर तुकडा जोडलेला दिसला की आधी तो काढून सरळ करा.

व्होल्ट बरोबर असतील तर प्रेशर गेज लावा. बहुतेक एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) गाड्यांत ३ ते ४ बार, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. सोबत डीसी क्लॅम्प मीटरनं पंपाचा करंट बघा. छोट्या गाडीचा निरोगी पंप ३ ते ५ ॲम्पिअर ओढतो. सात-आठ ओढत असेल तर पुढचा फिल्टर चोक आहे किंवा पंप आतून जाम होतोय. प्रेशर कमी आणि करंटही कमी असेल तर जाळी बंद आहे, किंवा पंप ज्यात बसतो त्या टाकीतल्या मोड्यूलमधली छोटी नळी चिरली आहे आणि पंप टाकीतल्या टाकीतच पेट्रोल फिरवतोय. ही चिरलेली नळी फार फसवते. बाहेरून काही दिसत नाही, पंप काढून बाकावर लावला तर तो जोरात चालतो.

सीएनजीवाल्यांना वेगळं सांगणं. तुम्ही महिनोन्‌महिने गॅसवर चालवता आणि पेट्रोल दोनशे रुपयांचं टाकता. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. काही किटमध्ये गॅसवर असतानाही तो फिरत असतो. काटा कायम रिझर्व्हवर असेल तर तो कोरडा तापतो, आणि तेच जुनं पेट्रोल टाकीत पाणी धरत बसतं. पाव टाकी तरी ठेवा.

पाणी की इथेनॉल

पावसाळ्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडं उभ्या राहिलेल्या गाड्यांत, पाण्याचा संशय घ्या. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि ठेवून द्या. आपोआप दोन थर दिसले तर पाण्यानं इथेनॉलला ओढून खाली नेलंय. तो खालचा थर पंप आधी ओढतो आणि त्यावर इंजिन धड चालत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, ॲडिटिव्हच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे बघायचं असेल तर मापाच्या काचेच्या नळीत २० मिलि पाणी आणि ८० मिलि पेट्रोल घालून हलवा, बाजूला ठेवा. इथेनॉल पाण्यात जातं. ई२० असेल तर खालचा थर ३५ मिलिच्या आसपास येतो. कच्चा आकडा आहे, पंपावर जाऊन भांडायला उपयोगी नाही, पण टाकीत भलतंच काही नाही ना एवढं कळतं.

मोठा पंप खरंच हवा असेल तर

निपाणीहून एक पोरगा आला होता, टर्बो गाडी, रिमॅप करून (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून) घेतलेली. “मामा, घाटात पावर तुटते.” त्याच्या गाडीत ताशी २५५ लिटरचा पंप आधीच बसवलेला आणि वायर कंपनीचीच. अशा गाड्यांना मोठा पंप लागतो हे मान्य. दोनशे पीएस काढायचे तर पेट्रोलवर तासाला सत्तर लिटरच्या घरात आणि ई८५ (पंच्याऐंशी टक्के इथेनॉल) सारख्या इंधनावर शंभरच्या जवळ. पण इथं दोन गोष्टी ध्यानात घ्या. बाजारातला प्रत्येक मोठा पंप इथेनॉलसाठी नसतो. वॉल्ब्रोचा ४५० लिटरचा ई८५ वाला किंवा एईएमचा ३२० चा ई८५ वाला, असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, आणि ओळखीच्या दुकानातून. या नावांचा डुप्लिकेट माल भरपूर आहे. दुसरं, गरजेपेक्षा फार मोठा पंप रिटर्न लाइन नसलेल्या गाडीत घातला तर रेग्युलेटर जादा पेट्रोल सोडू शकत नाही, प्रेशर चढतं, आयडलला काळा धूर येतो. मोठं तेवढं चांगलं हा हिशेब इथं चालत नाही.

आणि वायर. कंपनीची वायर बऱ्याच छोट्या गाड्यांत एक स्क्वेअर एमएमच्या आसपास असते. पाच मीटर लांबीला तिचा रोध ०.१ ओहम. मूळ पंपाच्या ४ ॲम्पिअरला ०.४ व्होल्ट पडतो, चालून जातं. मोठा पंप १० ते १५ ओढतो. १२ धरले तरी १.२ व्होल्ट नुसत्या वायरीत, वर कपलर, फ्यूज आणि रिले यांचे वेगळे. तेवढ्यात पंपाचा फ्लो चांगलाच घसरतो, आणि दोनशे पीएसच्या गाडीत लोडवर इंधन कमी पडलं की पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. चार स्क्वेअर एमएमची वायर घातली तर त्याच १२ ॲम्पिअरला ०.३ व्होल्ट.

जोडणी करताना बॅटरीच्या प्लसपासून चार स्क्वेअर एमएमची चांगल्या तांब्याची वायर घ्या, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. पंप १२ ओढत असेल तर २० चा फ्यूज. फ्यूज मागं, पंपाजवळ लावू नका; मधली वायर पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं कोणीच नसतं. वायर गालिच्याखालून दाराच्या कडेनं न्या, फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट हवाच. रिले डिकीत किंवा सीटखाली, कोरड्या जागी. नव्या वायरीचं टोक रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर, ८७ वरून पंपाकडं, पंपाची जुनी प्लस वायर ८६ वर, ८५ ला अर्थ. म्हणजे ईसीयू पूर्वीप्रमाणे हुकूम देतो आणि भार नवी वायर उचलते. पंपासाठी वेगळी अर्थ वायर, तीही चार स्क्वेअर एमएमचीच, पत्र्यावरचा रंग पूर्ण खरवडून, दातेरी वायसर घालून, आणि घट्ट केल्यावर वरून रंगाचा हात.

इग्निशनवरून किंवा वेगळ्या स्विचवरून पंप थेट चालू करायचा जुगाड काही जण करतात. मी तो कधीच करून देत नाही. इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करतो. गाडी ठोकली, पाइप फुटला आणि पंप चालूच राहिला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

एक अपवाद: ज्या गाड्यांत पंपाचा वेग वेगळं कंट्रोल मोड्यूल ठरवतं, तिथं जुन्या वायरीत सलग बारा व्होल्ट नसतात, तुकड्या-तुकड्यानं येतात. त्यावर रिले लावला तर तो थडथडून जळतो. अशी गाडी असेल तर तिची सर्किट डायग्राम असलेल्या माणसाकडंच द्या.

टाकीच्या आत

टाकीच्या आतली कामं बहुतेक फसतात ती छोट्या वस्तूंमुळे. बाहेर वापरायची साधी पीव्हीसी वायर आत घातली तर तिचं आवरण कडक होऊन तुटतं. टेफ्लॉनच्या आवरणाची वायर लागते. आत टेप नको, साधी हिटश्रिंक स्लीव्ह नको, डाग दिलेला सोल्डर जोडही नको. नीट दाबलेला क्रिंप हवा. नळीवर जे३०आर९ छापलेलं बघून लोक निश्चिंत होतात. ती नळी आतून इंधन वाहून न्यायला आहे, इंधनात बुडवून ठेवायला नाही. टाकीत बुडणाऱ्या नळीवर जे३०आर१० हवं. महाग असते, वीतभरच लागते, घ्या.

पंपासोबत जाळी नवी, मोड्यूलच्या तोंडाचा मोठा ओ-रिंग नवा, वरचा कपलर पिगटेलसकट (त्याला जोडून येणाऱ्या वायरीच्या तुकड्यासकट) नवा, आणि फिल्टर बाहेर असेल तर तोही नवा. कपलरची झाकणावरची पिन करपलेली असेल तर झाकणासकट मोड्यूल बदला. झाकणाला भोक पाडून बोल्ट घालायचा प्रकार टाकीवर करू नये.

हे काम घरी करणार असाल तर मोकळ्या हवेत, टाकी पाव भागाच्या खाली असताना. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची मायनस काढा. बल्बवाला टेस्टर झाकण उघडल्यावर जवळही नको. शेजारी आग विझवायचा ड्राय पावडरचा सिलिंडर ठेवा. पाऊस पडतोय म्हणून बंद शेडमध्ये टाकी उघडू नका, वाफ खाली साठते. टाकी उतरवल्याशिवाय पंप निघत नाही अशा गाड्या मात्र गॅरेजलाच न्या.

आणि कितीही मोठा पंप बसवला तरी साध्या गाडीत ई१०० (जवळजवळ निव्वळ इथेनॉल) भरू नका. मार्च २०२४ पासून ते काही मोजक्या पंपांवर मिळू लागलं, पण ते फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या) गाड्यांसाठी आहे. साध्या गाडीचे इंजेक्टर आणि ईसीयूचं मॅपिंग तेवढं इंधन सोडायला बनवलेलं नसतं.

काम झाल्यावर तीच दोन मापं पुन्हा घ्या, बॅटरी ते पंप प्लसची आणि अर्थची, सगळे लोड लावून, आणि बिलाच्या मागं लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तेच लागतात. जुन्या गाडीत ई२० चा मळ एकदम सुटत नाही, टप्प्याटप्प्यानं सुटतो, म्हणून दोन-तीन हजार किलोमीटरनंतर जाळी एकदा काढून बघा. काळी झाली असेल तर तिथंच बदला. स्वच्छ निघाली तर नेहमीच्या सर्व्हिसपर्यंत हात लावायची गरज नाही.